पहिल्याच मॅमोग्रामचा रिपोर्ट ‘बायरॅड्स ०’, परत बोलावलंय. पुढे काय?

रेवती_म

नमस्कार. माझं वय ४६. काही त्रास नाही, हाताला गाठ लागत नाही. डॉक्टर बरेच दिवस मागे लागल्या होत्या म्हणून पहिल्यांदाच स्क्रीनिंगचा मॅमोग्राम करून घेतला. काल संध्याकाळी रिपोर्ट आला आणि तेव्हापासून कशात लक्ष लागत नाही.

रिपोर्टात असं लिहिलंय: स्तनांची घनता ‘सी’. डाव्या स्तनात वरच्या भागात असिमेट्री (म्हणजे दुसऱ्या स्तनापेक्षा वेगळा, दाट दिसणारा भाग), फक्त एमएलओ व्ह्यूमध्ये दिसते. शेवटी ‘बायरॅड्स ०, जादा व्ह्यू आणि सोनोग्राफी करावी’. गुरुवारी परत बोलावलंय.

भाऊ म्हणतो, शून्य म्हणजे काही नाही, उगाच घाबरतेस. जाऊबाई म्हणतात, काही नसतं तर परत कशाला बोलावलं असतं? रात्रभर मी या दोघांच्या मध्ये लोंबकळत होते.

घरातला इतिहास सांगायचा तर मावशीला साठीनंतर स्तनाचा कर्करोग झाला होता. उपचार झाले, आज ठणठणीत आहे. आईला, बहिणीला काही नाही.

अजून एक. मशीनमध्ये इतकं दाबलं की डोळ्यांत पाणी आलं. आत काही असेल तर एवढ्या दाबाने ते पसरत नाही ना? शिवाय परत क्ष-किरण अंगावर घेण्यापेक्षा सरळ एमआरआयच केला तर? आणि फोटो काढताना तिथल्या मुलीने डाव्या बाजूचा एक फोटो दोनदा घेतला, तेव्हा तिचा चेहरा मला जरा गंभीर वाटला. तिला तेव्हाच काही दिसलं असेल का?

कुणी यातून गेलं असेल किंवा यातलं माहीत असेल तर कृपया सांगा.

विभावरी

रेवती, मलाही पहिल्याच वेळी परत बोलावलं होतं. माझ्या बाबतीत चुन्यासारखे बारीक पांढरे ठिपके दिसले होते, कॅल्सिफिकेशन म्हणतात ते. जादा फोटो झाले, मग सुईची बायोप्सी झाली आणि शेवटी निघालं साधंच, कर्करोग नाही. तुझंही तसंच निघेल असं मी म्हणणार नाही, कारण मला ते माहीत नाही. पण गुरुवारपर्यंत मोबाइलवर शोधत बसू नकोस. तिथे सगळ्या वाटा एकाच ठिकाणी जातात.

एक कर. सोबत कुणाला तरी ने. आणि गेल्या गेल्या विचार की निष्कर्ष आजच सांगणार की नंतर. मी विचारलं नव्हतं, त्यामुळे पुढचे दिवस फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं.

सुनंदा_मॅमोटेक

रेवतीताई, मी मॅमोग्राफी टेक्निशियन होते, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, म्हणून तुमच्या रिपोर्टचं निदान मी करणार नाही. पण परत बोलावलेल्या बायकांबरोबर त्या खोलीत माझा बराच काळ गेलाय, त्यामुळे गुरुवारी काय होईल ते नीट सांगू शकते.

आधी त्या शून्याचं. भावाचंही खरं नाही आणि जाऊबाईंचंही नाही. बायरॅड्स ही रेडिओलॉजिस्टने आपलं मत आकड्यात मांडायची पद्धत आहे, अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने ठरवलेली, आता जगभर वापरतात. १ म्हणजे काही आढळलं नाही. २ म्हणजे काहीतरी आहे पण निश्चित साधं, उदाहरणार्थ पाण्याची गाठ. ३ म्हणजे बहुधा साधंच, कर्करोग असण्याची शक्यता २ टक्क्यांहून कमी, पण लक्ष ठेवायचं. ४ म्हणजे बायोप्सी करून बघायला हवं, आणि ५ म्हणजे दाट शंका, ९५ टक्के किंवा त्याहून जास्त. ६ हा आकडा बायोप्सीने कर्करोग आधीच सिद्ध झालेला असेल तेव्हाच येतो. ० या शिडीवर कुठेच बसत नाही. मत द्यायला माझ्याकडे पुरेसे फोटो नाहीत, आणखी काढा, एवढंच रेडिओलॉजिस्ट त्यातून सांगतात.

आता ‘फक्त एमएलओमध्ये दिसते’ हे शब्द. ते तुमच्या रिपोर्टातले सगळ्यात महत्त्वाचे आहेत. प्रत्येक स्तनाचे दोन फोटो निघतात. सीसी म्हणजे वरून खाली दाबून काढलेला, आणि एमएलओ म्हणजे तिरका, काखेपासून खालपर्यंतचा. खरीखुरी गाठ असेल तर ती साधारणपणे दोन्ही फोटोंत कुठे ना कुठे सापडते. एकातच दिसलं तर पुष्कळदा असं झालेलं असतं की आतल्या ग्रंथींचे दोन थर त्या कोनातून एकावर एक आले आणि दाट दिसले. दोन हातांची सावली भिंतीवर एकमेकींवर पडली की तिसरंच काहीतरी दिसतं, तसं. पुष्कळदा म्हणतेय, नेहमी नव्हे. काही गाठी अशा जागी असतात की एकाच फोटोत येतात, विशेषतः काखेकडच्या बाजूला, कारण सीसीमध्ये तो भाग सुटू शकतो. म्हणून तर बोलावलंय.

गुरुवारी बहुतेक लहान पॅडल लावतील. ते सगळा स्तन न दाबता तेवढाच भाग दाबतं. थरांचीच सावली असेल तर ती पसरते आणि विरून जाते. खरं काही असेल तर जागेवर राहतं, उलट त्याच्या कडा अधिक स्पष्ट होतात. आमच्या खोलीत हा क्षण स्क्रीनवर बघता यायचा. कितीतरी वेळा मागच्या फोटोतला पांढरा डाग नवीन फोटोत शोधूनही सापडायचा नाही. कदाचित सरळ बाजूनेही एक फोटो घेतील. मशीनमध्ये टोमोसिंथेसिसची सोय असेल तर पातळ पातळ कापांसारखे फोटो निघतात, त्यात एकावर एक आलेले थर वेगळे करता येतात. मग सोनोग्राफी. पाण्याची गाठ आहे की भरीव, भरीव असेल तर कडा गुळगुळीत की काटेरी, हे सोनोग्राफीत बरंच कळतं.

परत बोलावणं किती नेहमीचं आहे हेही सांगते. अमेरिकेतल्या अनुभवावरून असा हिशेब देतात: १००० बायकांचा स्क्रीनिंग मॅमोग्राम झाला तर साधारण १०० जणींना परत बोलावतात आणि त्यांतल्या साधारण ५ जणींना कर्करोग निघतो. पहिल्या खेपेला बोलावणं जास्त येतं, कारण ताडून बघायला मागचा फोटो नसतो. कुणाच्या डाव्या स्तनात मुळातच थोडी जास्त ग्रंथी असते, कुणाच्या उजव्या. दोन वर्षांपूर्वीच्या फोटोत तेच तसंच दिसत असेल तर रेडिओलॉजिस्ट निवांत पुढे जातात. तुमच्याकडे ते ‘मागचं’ अजून नाही.

दाबण्याबद्दल. दाबाने कर्करोग पसरतो ही भीती खूप बायका मनात घेऊन येतात, बोलत मात्र नाहीत. तसा कुठलाही पुरावा नाही. दाबण्याची कारणं साधी आहेत: स्तन पातळ पसरला की किरण कमी लागतात, हलल्यामुळे फोटो धूसर होत नाही, आणि एकावर एक आलेले थर बाजूला होतात. दाब काही सेकंदांचा असतो. फार दुखलं तर ‘थांबा’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पाळी येत असेल तर पुढच्या वेळी पाळीनंतरच्या आठवड्यातली तारीख घ्या, तेव्हा स्तन कमी हुळहुळे असतात.

आणि खांदा सैल सोडा. हे मी शेकडो बायकांना सांगितलं असेल. एमएलओला हात मशीनवर ठेवायला सांगतात तेव्हा भीतीने खांदा आपोआप वर चढतो, छातीचा स्नायू ताठतो, आणि मग काखेजवळचा, छातीला लागून असलेला भाग फोटोत ओढून घेता येत नाही. मी आधी बाईच्या खांद्यावर हात ठेवून तो खाली येईपर्यंत थांबायचे, मगच पॅडल खाली आणायचे. चांगल्या एमएलओमध्ये छातीचा स्नायू वरून तिरका उतरत साधारण स्तनाग्राच्या पातळीपर्यंत दिसायला हवा. तो तसा दिसला नाही की आम्ही फोटो परत घेतो.

तुमच्या त्या मुलीचा चेहरा यामुळेच गंभीर असणार. ती स्नायू दिसतोय का, कातडीला घडी पडलीय का, स्तनाग्र बाजूने नीट आलंय का, फोटो हललाय का, हे तपासत होती. दुसऱ्यांदा फोटो घेण्याची कारणं बहुधा हीच असतात. निदान करणं तिचं काम नाही. आमचे चेहरे वाचून किती बायका रडत घरी गेल्या असतील याचा विचार आला की मला आजही वाईट वाटतं. म्हणून मी फोटो परत घ्यायच्या आधी कारण सांगायचे: ‘घडी पडलीय, परत घेते.’ गुरुवारी कुणी न सांगता परत घेतला तर बेधडक विचारा.

किरणांचं म्हणाल तर स्क्रीनिंगच्या चार फोटोंचा मिळून डोस साधारण ०.४ मिलीसिव्हर्ट असतो. निसर्गातून आपल्या अंगावर सहा-सात आठवड्यांत येतो तेवढाच. जादा दोन-तीन फोटोंनी त्यात थोडीच भर पडते.

एमआरआय थेट का नाही? तो खूप काही दाखवतो, पण त्यात निरुपद्रवी गोष्टीही उजळून दिसतात, आणि मग आणखी तपासण्या, आणखी सुया. शिरेतून औषध टोचावं लागतं. आणि विभावरीताईंनी सांगितले तसले चुन्याचे बारीक ठिपके एमआरआयमध्ये थेट दिसत नाहीत, ते दाखवण्यात मॅमोग्रामच पुढे आहे. स्क्रीनिंगसाठी एमआरआय मुख्यतः जास्त धोक्याच्या बायकांना सांगतात: बीआरसीए या, स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेल्या जनुकात दोष असलेल्या, तरुणपणी छातीवर रेडिएशन घेतलेल्या, किंवा कौटुंबिक इतिहासावरून आयुष्यभराचा धोका २० टक्क्यांच्या वर निघतो अशा.

मावशीचं डॉक्टरांना जरूर सांगा, पण त्याने खचून जाऊ नका. आई, बहीण किंवा मुलगी यांच्यापैकी एकीला असेल तर धोका साधारण दुप्पट धरतात. साठीनंतर झालेली एकटी मावशी त्यामानाने कमी वजनाची गोष्ट. मात्र घरात हे विचारून ठेवा: कुणाला पन्नाशीच्या आत झाला का, कुणाला दोन्ही स्तनांत, कुणाला अंडाशयाचा कर्करोग, कुणा पुरुषाला स्तनाचा. वडिलांकडचेही विचारा. बायका आईकडचंच सांगतात आणि आत्या राहून जाते. बीआरसीएचा दोष वडिलांकडूनही तितकाच येऊ शकतो.

जाताना काखेत डिओडरंट किंवा पावडर लावू नका, त्यातले कण फोटोत ठिपक्यांसारखे दिसू शकतात. दोन तुकड्यांचे कपडे घाला, म्हणजे कमरेपर्यंतच उतरवावे लागतील. गुरुवारचं ठिकाण वेगळं असेल तर पहिले फोटो न्या, नुसता कागद नव्हे.

अनिरुद्ध_प

सुनंदाताई, तुम्ही आपुलकीने लिहिलंय, पण मला एक बाजू मांडायची आहे. त्रास नसलेल्या बाईला तपासणीला बोलावताना तिला पूर्ण हिशेब सांगितला जातो का? कॉक्रेन या संशोधनांचा आढावा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात असा आकडा आहे: २००० बायकांना १० वर्षं स्क्रीनिंगला बोलावलं तर एकीचा स्तनाच्या कर्करोगाने होणारा मृत्यू टळतो, १० निरोगी बायकांवर गरज नसताना कर्करोगाचे उपचार होतात, आणि २०० हून जास्त जणींना खोट्या इशाऱ्याने मोठा मनस्ताप होतो.

माझ्या आईला स्क्रीनिंगमध्ये डीसीआयएस निघाला, म्हणजे दुधाच्या नळीच्या आतच असलेल्या, बाहेर न पसरलेल्या कर्करोगाच्या पेशी. शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झालं. त्यातला काही डीसीआयएस आयुष्यभर काहीच करत नाही हे आम्हाला उपचारांनंतर कळलं. तिचा कुठल्या प्रकारातला होता हे आता कुणीच सांगू शकणार नाही. उपचार चुकीचे होते असं मी म्हणत नाही. आधी कुणी आम्हाला बसवून समजावलं असतं तर निर्णय आमचा वाटला असता, इतकंच.

सुनंदा_मॅमोटेक

अनिरुद्ध, तुमच्या आईची गोष्ट इथे लिहिलीत ते फार बरं केलंत. अतिनिदान खरं आहे, आणि नोकरीत असताना त्याबद्दल मोकळेपणाने बोलणारे मला कमीच भेटले.

आकड्यांवर मात्र तज्ज्ञांचं एकमत नाही, तेही सांगायला हवं. ब्रिटनमध्ये सर मायकल मार्मट यांच्या अध्यक्षतेखाली एक स्वतंत्र समिती नेमली होती, तिचा अहवाल २०१२ मध्ये आला. पन्नाशीपासून २० वर्षं बोलावणं गेलेल्या १०,००० बायकांमागे ४३ मृत्यू टळतात आणि १२९ जणींमध्ये अतिनिदान होतं, असा त्यांचा अंदाज. म्हणजे एक जीव वाचतो तेव्हा तिघींना असा कर्करोग सांगितला जातो, जो एरवी त्यांना कधी कळलाही नसता. कॉक्रेनचा हिशेब यापेक्षा कितीतरी निराशाजनक आहे. दोन्ही गट प्रामाणिक आहेत. कुठल्या चाचण्यांवर किती विश्वास ठेवायचा, किती वर्षांचा हिशेब धरायचा, यावर उत्तर हलतं.

म्हणूनच देशोदेशीचे नियमही वेगळे. ब्रिटनमध्ये ५० ते ७१ वयात दर तीन वर्षांनी बोलावतात. अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी अशी शिफारस केली, त्याआधी चाळिशीतल्या बायकांना ‘स्वतः विचार करून ठरवा’ असं सांगत. आणि मशीन हा एकच मार्ग आहे असंही नाही. मुंबईत टाटा मेमोरियलने दीड लाखाहून जास्त बायकांचा २० वर्षांचा अभ्यास केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासत होत्या. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही. मला या अभ्यासाचं अपार कौतुक आहे.

पण एक गोष्ट वेगळी ठेवू या. स्क्रीनिंगला जायचं की नाही, हा निर्णय तुमच्या आकड्यांवर तोलून घ्यायचा. रेवतीताई तिथून पुढे आल्यात. अर्धवट राहिलेली तपासणी अर्धवटच सोडली तर मनस्ताप तेवढाच राहतो आणि हाती काहीच लागत नाही. पुढे उपचारांची वेळ आलीच, तर ‘हे वाढेल हे कशावरून’ हा प्रश्न डॉक्टरांना समोर बसून विचारायचाच. डीसीआयएस असेल तर त्याची ग्रेड, म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात ते, विचारायची.

शलाका_द

इथे उलटी बाजूही कुणीतरी सांगायला हवी. माझा मॅमोग्राम नॉर्मल आला होता. काही महिन्यांनी उजवं स्तनाग्र थोडं आत ओढल्यासारखं दिसायला लागलं. आरशात हात वर केला की जास्त जाणवायचं. मी ज्या डॉक्टरांकडे गेले ते फाइल चाळून म्हणाले, ‘मॅमोग्राम आत्ताच झालाय ना, मग वर्षभर बघायची गरज नाही.’ मी परत आले. बहिणीने हट्ट धरला म्हणून दुसरीकडे दाखवलं. कर्करोग होता. उपचार पूर्ण झालेत, आता दर काही महिन्यांनी तपासणी चालू आहे.

माझीही घनता ‘सी’ होती, रेवती. तू ते लक्षात ठेवावंस म्हणून लिहितेय.

सुनंदा_मॅमोटेक

शलाकाताई, तुम्ही जे लिहिलंत ते प्रत्येकीने दोनदा वाचावं.

ग्रंथी फोटोत पांढऱ्या दिसतात, चरबी काळपट. कर्करोगही पांढराच दिसतो. घनता ‘ए’ ते ‘डी’ अशी लिहितात, ‘डी’ सगळ्यात दाट. त्यामुळे ‘सी’ आणि ‘डी’ घनतेत तो लपू शकतो. साधारण निम्म्या बायका या दोन गटांत मोडतात, म्हणजे तो आजार नाही, ठेवणच तशी. पण सगळं मिळून बघितलं तरी मॅमोग्राममधून साधारण आठांतला एक कर्करोग सुटतो, आणि दाट स्तनांत त्याहून जास्त. काही कर्करोग दोन तपासण्यांच्या मधल्या काळातच वाढून दिसायला लागतात. नॉर्मल रिपोर्ट त्या दिवसापुरता असतो. स्तनाग्र नव्याने आत ओढलं जाणं, त्यातून रक्त किंवा आपोआप पाणी येणं, कातडीला खळगा पडणं किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणं, काखेत गाठ, पाळी होऊन गेली तरी न जाणारी नवी गाठ, यातलं काही दिसलं की आधीचा रिपोर्ट काहीही असो, दाखवायचं. डॉक्टरांनी उडवून लावलं तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं. त्यानंतर होणाऱ्या तपासणीला स्क्रीनिंग म्हणत नाहीत. त्या तपासणीत आधीपासूनच त्या जागेवर नेम धरलेला असतो आणि सोनोग्राफी सोबत करतात. म्हणून फॉर्मवर ‘रुटीन’ असं लिहू देऊ नका. लक्षण लिहायला सांगा, बाजू लिहायला सांगा.

रेवती_म

आज जाऊन आले. आधी तुम्हा सगळ्यांना मनापासून धन्यवाद. सुनंदाताई, खांद्याचं वाक्य डोक्यात धरून गेले आणि खरंच कमी दुखलं.

लहान पॅडल लावून दोन आणि बाजूने एक असे फोटो घेतले. मी विचारलं तेव्हा रेडिओलॉजिस्ट मॅडमनी स्क्रीनवर दोन्ही दाखवले. आधीची असिमेट्री नव्या फोटोत पसरून गेली होती, म्हणजे थरांचीच होती. पण सोनोग्राफीत त्याच स्तनात वेगळ्या जागी ७ मिलिमीटरची एक लंबगोल, गुळगुळीत कडांची भरीव गाठ दिसली. फायब्रोअॅडिनोमा असावा, म्हणजे कर्करोग नसलेली साधी गाठ, असं म्हणाल्या. रिपोर्टात बायरॅड्स ३, सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी.

आता एवढंच कळत नाही की भरीव गाठ आहे तर सहा महिने थांबायचं का? आताच सुई घालून मोकळं का होऊ नये? आणि सुईने ती पसरण्याची भीती असते का? घरी दर महिन्याला स्वतः तपासत राहू का?

विभावरी

किती बरं वाटलं वाचून. सुईबद्दल मी सांगते. माझी कोअर बायोप्सी झाली तेव्हा आधी भूल दिली, ती टोचताना झणझणलं, मग फक्त दाब जाणवला. स्टेपलरसारखा खट्ट आवाज येतो, तो येणार हे मला आधी सांगितलं होतं म्हणून दचकले नाही. आत जागेची खूण म्हणून तिळाहून लहान क्लिप ठेवली, ती आजही आहे आणि मला कधी जाणवत नाही. आठवडाभर निळसर डाग होता, बस.

सुनंदा_मॅमोटेक

बायोप्सीने कर्करोग पसरतो म्हणून ती टाळावी, हे मनातून काढून टाका. तो प्रश्न तुमच्यापुढे आत्ता नाहीच, पण पुढे कधी बायोप्सी सांगितली तर या भीतीने ती लांबवू नका.

सहा महिने थांबण्यामागचा विचार असा. अशा दिसणाऱ्या १०० गाठींमध्ये ९८ हून जास्त साध्या निघतात. सगळ्यांनाच सुई घातली तर त्या ९८ जणींना विनाकारण त्रास. उरलेल्या एक-दोन गाठी सहा महिन्यांत आकार किंवा कडा बदलून आपलं रूप दाखवतात, आणि तेवढ्या उशिराने सहसा नुकसान होत नाही असं दीर्घकाळ लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासांतून दिसलंय. साधारणपणे दोन ते तीन वर्षं गाठ तशीच राहिली की ती २ मध्ये टाकतात. तरी तुम्हाला थांबणं असह्य होत असेल, किंवा सहा महिन्यांनी परत येता येईल याची खात्री नसेल, तर आताच बायोप्सी करा असं तुम्ही म्हणू शकता. डॉक्टर पुष्कळदा मान्य करतात. तो हट्ट धरलात तर लाजू नका.

मात्र थांबायचं ठरवलंत तर सहा महिने म्हणजे सहाच. मला सगळ्यात काळजी वाटायची ती बायरॅड्स ३ च्या बायकांची. ४ आणि ५ वाल्यांना सगळे हात धरून पुढे नेतात. ३ वाली घरी जाते, पहिला महिना घाबरलेली असते, मग सण येतात, परीक्षा येतात, कुणाचं तरी आजारपण येतं, आणि ती एकदम दोन वर्षांनी उगवते. त्याच केंद्रात जा, नाहीतर आजच्या सोनोग्राफीचे फोटो आणि मॅमोग्रामची सीडी सोबत न्या. ७ मिलिमीटर हा आकडा नंतरच्या मापाशी ताडायचा आहे, आणि तो नुसत्या कागदावरून नीट ताडता येत नाही.

स्वतः तपासण्याबद्दल: शांघायमध्ये २,६६,०६४ कामगार बायकांवर मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २००२ मध्ये आले. ज्यांना दर महिन्याला पद्धतशीर तपासायला शिकवलं त्यांच्यात मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी मात्र वाढल्या. म्हणून तारीख ठरवून परीक्षेसारखं तपासायची सक्ती आता बहुतेक ठिकाणी करत नाहीत. पण आपले स्तन कसे दिसतात आणि हाताला कसे लागतात याची ओळख हवीच. अंघोळीच्या वेळी, कपडे बदलताना, हात वर करून आरशात. शलाकाताईंना ते तसंच कळलं होतं.

शलाका_द

रेवती, बरं वाटलं. तारीख आजच घेऊन टाक, ‘नंतर फोन करते’ वर सोडू नकोस. आणि मधल्या काळात काही वेगळं जाणवलं तर सहा महिन्यांची वाट बघत बसायची नाही, हेही त्यांना विचारून ठेव: आधी यायचं असेल तर कुणाला फोन करायचा.

रेवती_म

थांबायचं ठरवलंय. परत खाली जाऊन तारीख घेतली, आणि मधे काही वाटलं तर कुणाला फोन करायचा तो नंबरही. दोन्ही दिवसांचे फोटो एकाच सीडीवर मागून घेतले, बहिणीकडेही एक प्रत ठेवली. आईला विचारलं तेव्हा कळलं की आजोबांच्या बहिणीला, म्हणजे बाबांच्या आत्याला, ‘पोटाचा कसलातरी’ कर्करोग होता. अंडाशयाचा का, ते आता बाबांच्या चुलत बहिणीला विचारते आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना सांगते.